वंगणाचे स्थान : बैलगाडीच्या आसापासून डिस्क ब्रेकच्या पिनांपर्यंत
(सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीच्या संदर्भात)

प्रस्तावना

सोलापूर शहरातून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या या महामंडळाने राज्यात ठिकठिकाणी ज्या वसाहती उभ्या केल्या, त्यांपैकी ही एक. यंत्रमागांच्या शेडमधून येणारा खटखटाट ही तिची पहिली ओळख. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली आहे, त्यामागे या शेडमधील श्रम आहेत. याच वसाहतीत १९९२ साली स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचे कारखाने आहेत. मोटारीच्या इंजिनातील झडपांची उघडझाप करणारा कॅमशाफ्ट हा भाग तेथे ओतला व घडविला जातो आणि देशी-विदेशी मोटार कारखान्यांना पुरविला जातो.

टॉवेल आणि कॅमशाफ्ट यांच्यात वरवर पाहता काहीही साम्य नाही. मात्र तेलाच्या दृष्टीने पाहिल्यास ही दोन उत्पादने एकमेकांची नेमकी उलट टोके ठरतात. कॅमशाफ्ट तेलाच्या पातळ थराशिवाय काही मिनिटेही तग धरू शकत नाही, तर टॉवेलावर तेलाचा एक थेंब पडला की तो माल दुय्यम ठरतो. मोटारीच्या एका भागात मात्र ही दोन्ही टोके बोटभर अंतरावर एकत्र येतात. तो भाग म्हणजे डिस्क ब्रेकचा कॅलिपर. त्याच्या पिनांना वंगण हवेच असते आणि त्यांच्या शेजारच्या घर्षणपृष्ठाला वंगणाचा स्पर्शही चालत नाही. आपल्या दारात गाडी उभी करून हे काम करणाऱ्या माणसासमोर जो प्रश्न उभा राहतो, तो या भागातील गाडीवानासमोर आणि माग चालविणाऱ्या कामगारासमोर पूर्वीच उभा राहिलेला होता : वंगण कोणते, कोठे, आणि कोठे अजिबात नाही? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

आस, एरंडेल आणि रेल्वे

यंत्रयुगापूर्वीच्या दख्खनमध्ये वंगण म्हणजे प्रामुख्याने बैलगाडीचे वंगण. गाडीचे चाक ज्या आसाभोवती फिरते त्या आसाला वंगण घालणे हे गाडीवानाचे नित्याचे काम होते. प्रवासाला निघताना वंगणाचे नळकांडे गाडीलाच टांगलेले असे. कोरड्या आसाचा करकर आवाज लांबवर ऐकू येई व तो गाडीवानाच्या हलगर्जीपणाची साक्ष मानला जाई. पैसे चारून काम करून घेण्यालाही मराठीत ‘वंगण घालणे’ म्हणतात, यावरून हा शब्द लोकव्यवहारात किती मुरलेला आहे हे ध्यानात येते.

या वंगणासाठी वापरल्या जाणाऱ्या तेलांत एरंडेलाचे स्थान विशेष होते. एरंडेल दाट व चिकट असते. दोन पृष्ठांमधून ते सहजासहजी पिळून निघत नाही आणि इतर तेलांच्या मानाने धातूला अधिक घट्ट धरून राहते. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सोलापूरपर्यंत आला. या लोहमार्गामुळे यंत्रयुग सोलापुरात अवतरले असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. परंतु रेल्वेने येथील जुने वंगण एकदम बाजूला सारले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. भारतीय रेल्वेमार्गांवर दिव्यांसाठी आणि वंगणासाठी एरंडेल दीर्घकाळ वापरले गेले. बैलगाडीचा आस आणि आगगाडीचा आस काही काळ एकाच बियाच्या तेलावर फिरत होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हेच तेल आकाशातही पोहोचले. पहिल्या महायुद्धातील फिरत्या सिलिंडरांच्या विमान-इंजिनांत एरंडेल वापरले जाई, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नसे. चार्ल्स वेकफील्ड यांच्या ब्रिटिश कंपनीने आपल्या तेलाला १९०९ साली दिलेले ‘कॅस्ट्रॉल’ हे नावच मुळी एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून घेतलेले आहे. भारत आजही एरंडाच्या उत्पादनात जगात अग्रेसर आहे. मोटारीच्या ब्रेकच्या इतिहासात एरंड पुन्हा भेटतो. त्याकडे पुढे वळू.

मागावरील तेल आणि मागाचा ब्रेक

१८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली. पुढे इतर गिरण्या निघाल्यावर ती ‘जुनी गिरणी’ या नावानेच ओळखली जाऊ लागली. लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम ही नावे सोलापूरच्या कामगार वस्त्यांच्या स्मृतीत अद्याप आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि विणकामाचा भार यंत्रमागांच्या छोट्या शेडवर आला. तेलुगू भाषक पद्मशाली समाजाचे या धंद्यातील कौशल्य सर्वज्ञात आहे.

गिरण्यांच्या इतिहासलेखनात भांडवल, संप, मजुरी आणि राष्ट्रीय चळवळ यांची चर्चा विपुल आढळते. तेलाच्या बुधलीला त्या लेखनात क्वचितच जागा मिळते. वस्तुतः मागावरील तेल घालण्याच्या कामात एक सूक्ष्म विवेक दडलेला आहे. साध्या यंत्रमागात क्रँक शाफ्ट आणि त्याखालचा टॅपेट शाफ्ट यांची बेअरिंगे, धोटा फेकणाऱ्या यंत्रणेचे सांधे, अशा अनेक ठिकाणी तेल लागते. तेल कमी पडल्यास बेअरिंग तापते व झिजते. जास्त घातल्यास ते फिरत्या भागांवरून उडते आणि ताण्याच्या धाग्यांवर किंवा विणलेल्या कापडावर पडते. या तेलात धातूचा बारीक कीस मिसळलेला असतो, त्यामुळे असा डाग धुऊनही सहजी निघत नाही. तपासणीच्या टेबलावर तो दिसला की दोष विणणाऱ्याच्या माथी येतो. थेंब कोठून उडाला हे शोधण्याची तसदी मग फारसे कोणी घेत नाही.

यंत्रमागाला स्वतःचा ब्रेक असतो, ही गोष्ट वस्त्रोद्योगाबाहेरच्या अभ्यासकांना बहुधा ठाऊक नसते. १८४२ साली लँकेशायरमधील बुलो आणि केनवर्दी यांनी यंत्रमागाला जे निर्णायक रूप दिले, त्यात बाण्याचा धागा तुटताच माग आपोआप थांबविण्याची सोय होती. माग ताबडतोब थांबणे आवश्यक असते. तो एक-दोन फेरे जास्त फिरला तर कापडात फट पडते आणि पुन्हा सुरू करताना आडवी खूण उमटते. म्हणून क्रँक शाफ्टवरील चाकावर चामड्याचे किंवा तत्सम अस्तर लावलेला ब्रेक दाबला जातो. येथे गंमत अशी की, ज्या शाफ्टच्या बेअरिंगला तेल घालणे अनिवार्य असते, त्याच शाफ्टवर तेलापासून कटाक्षाने दूर ठेवावयाचे चाक बसविलेले असते. बेअरिंगमधून पाझरलेले तेल ब्रेकच्या अस्तरावर गेले तर माग वेळेवर थांबत नाही.

यंत्रमाग चालविणाऱ्या कामगाराने ‘घर्षण’ हा शब्द कदाचित कधी उच्चारलाही नसेल. तथापि घर्षण कोठे मारावयाचे आणि कोठे जपावयाचे, हे त्याला रोजच्या व्यवहारातून कळलेले असते. इंग्लंडमध्ये १९६६ साली पीटर जोस्ट यांच्या समितीने घर्षण, झीज व वंगण या विषयांवरील प्रसिद्ध अहवाल सादर केला आणि या शास्त्राला स्वतंत्र नाव मिळाले. योग्य वंगणातून ब्रिटिश उद्योगाची वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंडांची बचत होईल, असा त्या अहवालाचा अंदाज होता. मागावरील बुधलीची किंमत या मार्गाने अर्थशास्त्राला उमगली, असे म्हणावयास हरकत नाही.

डिस्क ब्रेकचा प्रवास

मोटारीच्या ब्रेकचा आरंभही चामड्याशी निगडित आहे. इंग्लंडमधील डर्बीशायरच्या डोंगराळ भागात उतारावर गाडा रोखण्यासाठी लाकडी ब्रेकवर जुन्या बुटांचे चामडे ठोकले जाई, असे सांगतात. ते पाहून हर्बर्ट फ्रूड यांना ब्रेकचे स्वतंत्र अस्तर बनविण्याची कल्पना सुचली आणि १८९७ साली त्यांनी सुरू केलेल्या उद्योगातून पुढे ‘फेरोडो’ हे नाव जगभर गेले. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली बर्मिंगहॅम येथे फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. कल्पना अचूक होती, परंतु तांब्याचे अस्तर लोखंडी चकतीवर कर्कश आवाज करी व लवकर झिजे. योग्य अस्तराअभावी ही कल्पना जवळजवळ अर्धशतक मागे पडली आणि ड्रम ब्रेकचे राज्य चालू राहिले.

१९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉप कंपनीचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीने विजय मिळविला. ड्रम ब्रेक बंदिस्त असल्याने तापून निकामी होत, तर उघडी चकती लवकर थंड होई. १९५५ साली सिट्रोएनच्या डीएस या मोटारीने पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक सर्वसामान्य ग्राहकापर्यंत आणले. सोलापूर जिल्ह्यात ऊस वाहणाऱ्या हवेच्या टायरच्या बैलगाड्यांना ‘डनलॉप गाडी’ म्हणतात. त्या गाडीवानांच्या ओठी असलेले हे नाव डिस्क ब्रेकच्या इतिहासातही येते, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

सुरुवातीच्या कॅलिपरमध्ये चकतीच्या दोन्ही बाजूंस पिस्टन असत आणि कॅलिपर पक्का बसविलेला असे. पुढे खर्च व जागा वाचविण्यासाठी तरता कॅलिपर रूढ झाला. यात पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतील पॅड चकतीवर दाबतो, त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवरून उलट दिशेस सरकतो आणि बाहेरील पॅडही चकतीवर दाबला जातो. रचना स्वस्त झाली, परंतु ब्रेकची सारी कार्यक्षमता दोन पिनांच्या सहज सरकण्यावर येऊन ठेपली. पिना अडकल्या की एक पॅड झपाट्याने झिजतो, गाडी ब्रेक दाबताच एका बाजूस ओढली जाऊ शकते, चकती तापते आणि थांबण्याचे अंतर वाढते.

भारतात हा बदल उशिरा आला. ॲम्बॅसडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट-पद्मिनी या मोटारी दीर्घकाळ ड्रम ब्रेकवरच धावत होत्या. ब्रेकचे भाग देशात बनविण्याच्या दृष्टीने १९६२ साली तमिळनाडूत स्थापन झालेली ब्रेक्स इंडिया ही कंपनी महत्त्वाची आहे. मारुतीच्या मोटारींनी १९८३ पासून खाजगी मोटारीचे चित्र पालटले आणि पुण्यातून १९९८ साली आलेल्या टाटा इंडिकापर्यंत पुढील चाकांना डिस्क ब्रेक ही मध्यमवर्गीय मोटारीची सामान्य बाब झाली होती.

या स्थित्यंतराबरोबर आणखी एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ॲम्बॅसडरच्या मालकाला किंवा चालकाला पुढील चाकांच्या सांध्यांत ग्रीस-गनने ठरावीक अंतराने ग्रीस भरावे लागे. हे काम घरी किंवा कोपऱ्यावरच्या मेस्त्रीकडे होई, आणि त्यातून वंगणाची जाण घरात टिकून राही. नव्या मोटारीत हे सांधे कायमचे बंद करून आले. ‘देखभाल लागत नाही’ हा गुण म्हणून मिरविला गेला. ग्रीस-गन घरातून गेली आणि तिच्यासोबत वंगण म्हणून काही लागते ही जाणीवही गेली. कॅलिपरच्या पिना मात्र या सर्वसाधारण नियमाला अपवाद राहिल्या. त्यांना अधूनमधून उघडून नवे वंगण द्यावेच लागते. जुन्या गरजेचा हा अवशेष नव्या मोटारीत शिल्लक आहे, पण तो ओळखणारी नजर विरळ झाली आहे.

रबर आणि तेल यांचे वैर

पिनांना वंगण हवे हे कळल्यावर हाताशी असेल ते ग्रीस लावणे स्वाभाविक वाटते. येथेच घात होतो. मोटार दुकानात मिळणारे सर्वसाधारण ग्रीस लिथियमचे असते. क्लॅरेन्स अर्ल यांनी १९४२ साली पेटंट घेतलेल्या लिथियम साबणाच्या ग्रीसने बेअरिंगच्या जगात क्रांती केली. या साबणासाठी लागणारे स्निग्धाम्ल प्रामुख्याने एरंडेलापासूनच मिळते. बैलगाडीचा एरंड अशा रीतीने आधुनिक ग्रीसमध्येही हजर आहे. मात्र या ग्रीसमधील बहुतांश भाग खनिज तेलाचा असतो, आणि कॅलिपरमधील रबराचे वैर त्या खनिज तेलाशी आहे.

हे वैर समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. माल्कम लॉकहीड यांच्या द्रवचलित ब्रेकपासून या द्रवाने रबराला इजा करता कामा नये ही अट निर्माण झाली. आरंभीचे ब्रेक द्रव एरंडेल व अल्कोहोल यांच्या मिश्रणाचे होते, कारण नैसर्गिक रबराला एरंडेल सोसते आणि खनिज तेल सोसत नाही. पुढे ग्लायकॉलवर आधारित द्रव आले व त्यांना साजेसे कृत्रिम रबर वापरात आले. ईपीडीएम या नावाने ओळखले जाणारे हे रबर ब्रेक द्रवात वर्षानुवर्षे टिकते, पण खनिज तेलाच्या संपर्कात फुगते व मऊ पडते. कॅलिपरच्या पिनेवरील रबरी बूट किंवा बुश फुगला की पिन भोकात आवळली जाते. मोकळी व्हावी म्हणून वंगण घातलेली पिन त्या वंगणामुळेच अडकते. सिट्रोएनने १९६० च्या दशकात खनिज तेलावर चालणारी द्रवयंत्रणा स्वीकारली, तेव्हा तिला सील्सही निराळ्या रबराची वापरावी लागली. दोष तेलाचा नाही आणि रबराचाही नाही. त्यांची जोडी चुकते.

म्हणून कॅलिपरच्या पिनांसाठी सिलिकॉनचे, किंवा ब्रेकच्या रबरासाठी खास बनविलेले ग्रीस वापरले जाते. सिलिकॉनचे व्यापारी उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाले. अमेरिकेत १९४३ साली स्थापन झालेल्या डाऊ कॉर्निंग कंपनीचे पहिले उत्पादन विमानांच्या प्रज्वलन यंत्रणेत ओल शिरू नये म्हणून लावावयाचे ग्रीससारखे सिलिकॉन होते. याखेरीज वनस्पती तेलावर आधारित तांबडे रबर-ग्रीसही मिळते. पिस्टनच्या सीलशी त्याचे जमते.

दारातले काम

घरी हे काम करणाऱ्याच्या दृष्टीने क्रम असा असतो. गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावावे लागतात, चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करावे लागतात आणि जॅकवर उचललेली गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी लागते. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे जिवावर बेतू शकते. चाक काढल्यावर पिनांचे बोल्ट सोडून कॅलिपर बाजूला घेतला जातो. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधून ठेवणे आवश्यक असते, कारण त्या वजनाने नळी आतून फाटते आणि बाहेरून ते दिसत नाही.

पिना बाहेर काढून जुने वंगण पूर्ण पुसले जाते. जुन्या ग्रीसवर नवे ग्रीस चोपडणे हा सर्वांत प्रचलित दोष होय. सोलापूरच्या धुळीत जुने ग्रीस वंगण न राहता घासणीची पेस्ट बनलेले असते. पुष्कळ कॅलिपरमध्ये दोन पिना एकसारख्या नसतात. एकीवर रबराचे बुश असते, दुसरीवर नसते. त्यांची अदलाबदल होता कामा नये. रबरी बूट फाटलेला असल्यास तो बदलल्याशिवाय नवे वंगण घालण्यात अर्थ नाही, कारण धूळ व पाणी त्याच फटीतून पुन्हा शिरते. नवे ग्रीस पातळ थरानेच लावावे लागते. भोकात ठासून ग्रीस भरले तर पिन आत ढकलताना ग्रीस आणि हवा कोंडली जाते आणि पिन स्प्रिंगसारखी बाहेर येऊ पाहते. मागावर जास्त तेल घालणाऱ्याला कापड जी शिक्षा देते, तीच येथे पिन देते.

पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तेथील गंज ब्रशने काढून उष्णता सोसणाऱ्या ब्रेक-ग्रीसचा अगदी पुसट थर दिला जातो. साधे लिथियम ग्रीस सुमारे १८० ते १९० अंश सेल्सिअसला वितळून वाहू लागते आणि घाटात किंवा वारंवार ब्रेक दाबताना चकती याहून कितीतरी अधिक तापते. वाहिलेले ग्रीस पॅडवर गेले की पॅड टाकून द्यावा लागतो. पॅडचा चेहरा आणि चकती यांना ग्रीसच्या बोटाने स्पर्शही न करणे हा या कामातील एकमेव अलंघ्य नियम होय. चकतीवर ठसा उमटलाच तर ती ब्रेक-क्लीनरने पुसून कोरडी करावी लागते.

आणखी एक बाब केवळ तांत्रिक नाही. ब्रेकमधील धूळ तोंडाने फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवून साफ करण्याची सवय गॅरेजांत जुनी आहे. ब्रेकच्या अस्तरात अनेक दशके ॲस्बेस्टॉस वापरले जात होते आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेल्यास होणारे रोग वर्षानुवर्षांनी प्रकट होतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. तो निर्णय कारखान्यातील कामगारांसंबंधी होता. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधील पोऱ्या आणि दारात ब्रेक उघडणारा गृहस्थ यांच्यापर्यंत त्याचा आशय फारसा झिरपलेला दिसत नाही. पॅडमध्ये काय आहे हे उघड्या डोळ्यांना कळत नसल्याने धूळ ओल्या फडक्याने टिपून काढणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

सर्व बोल्ट निर्मात्याने दिलेल्या बलाने आवळल्यावर, चाक बसवून गाडी खाली उतरविली तरी काम संपत नाही. पिस्टन मागे ढकललेला असल्यास पहिल्या दाबाला ब्रेकचे पेडल थेट तळाशी जाते. इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पुनःपुन्हा दाबावे लागते. ही पायरी विसरल्यास गाडी अंगणातूनच भिंतीवर जाऊन आदळू शकते.

खंडेनवमीला अक्कलकोट रोडवरील शेडमध्ये माग थांबतात. त्या दिवशी यंत्रांवर साचलेला कापसाचा झुरका आणि काळे तेल पुसले जाते, हळद-कुंकू वाहिले जाते आणि दसऱ्याला झेंडूची माळ पडते. वसाहतीच्या फाटकाबाहेर त्याच दिवशी मोटारी धुतल्या जातात, चाकांवर पाण्याचा फवारा मारला जातो. मागाचे बेअरिंग पुसणारा हात त्याच्या शेजारचा ब्रेक कोरडा ठेवतो. मोटारीच्या चाकामागील दोन पिनांपर्यंत मात्र फडके पोहोचत नाही.